काळं वर्तुळ, शेपटीचा बाण आणि मावशीचे पापड

दोस्तांनो, पेणचे पापड तुम्ही नक्की खाल्ले असतील. पोह्याचे पापड, मिरगुंडं, तांदळाच्या फेण्या... पण ते वाळत घालायची जबाबदारी तुमच्यावर कधी आली आहे का? माझ्यावर आली होती, आणि ती मी अशी काही पार पाडली की अजून घरात कुणी पापड तळायला घेतले की माझ्याकडे बघून हसतात.

मी तेव्हा सातवीत होतो. मे महिना सरत आला होता. पेणला मावशीच्या अंगणात चार खाटा मांडल्या होत्या. त्यावर स्वच्छ धुतलेली जुनी धोतरं पसरली होती. सकाळी रेडिओवर बातम्यांच्या शेवटी निवेदिका म्हणाली, "कोकणात तुरळक ठिकाणी गडगडाटासह पावसाची शक्यता आहे." मावशीनं लाटणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. शाळेत जाणारा, भूगोलात मार्क मिळवणारा भाचा घरात असताना ती दुसऱ्या कुणाला विचारणार? मी ऐटीत सांगितलं, "अगं, तुरळक म्हणजे अगदी थोडासा. चार थेंब पडतील. घाल खुशाल वाळत."

दुपारी तीनला असा पाऊस कोसळला की खाटा उचलायलासुद्धा सवड मिळाली नाही. संध्याकाळी दीडशे पापडांचा लगदा शेजारच्या म्हशीपुढे गेला. मावशी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं!

माझी चूक कुठे झाली, सांगा बरं? 'तुरळक' हा शब्द पाऊस किती पडणार हे सांगतच नाही. तो सांगतो, किती ठिकाणी पडणार. हवामान खात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या शंभरांपैकी फार तर पंचवीस ठिकाणी. त्याहून जास्त, पण निम्म्यापर्यंत असेल तर 'काही ठिकाणी'. पाऊणपर्यंत गेलं तर 'बऱ्याच ठिकाणी', आणि त्याच्याही वर 'बहुतेक ठिकाणी'. म्हणजे तुरळक ठिकाणी पडणारा पाऊस त्या त्या ठिकाणी धो धो पडू शकतो. त्या दिवशी शंभरांतल्या त्या पंचवीसांत मावशीचं अंगण होतं, एवढंच.

त्यानंतर मी हट्टानं वर्तमानपत्रातला हवामानाचा नकाशा कापून वहीत चिकटवायला लागलो. पहिले दोन महिने त्यातलं काहीही कळलं नाही. बोटांच्या ठशासारख्या वळणावळणाच्या रेषा, मध्येच आकडे, कुठे बाण, कुठे काळी वर्तुळं. पण एकदा का ती लिपी लागली ना, की मग तो नकाशा पत्रासारखा वाचता येतो. चला, आज आपण तो पेण-रोह्याच्या अंगणात बसून वाचू.

आधी त्या बोटांच्या ठशांबद्दल. त्यांना म्हणतात समदाब रेषा. ज्या ज्या ठिकाणी हवेचा दाब सारखा, ती ठिकाणं जोडत गेलं की अशी रेषा तयार होते. दाब मोजायचं माप हेक्टोपास्कल. तुमचे आजोबा त्यालाच मिलिबार म्हणत असतील. आकडा तोच, नाव बदललं. आपल्याकडच्या नकाशावर या रेषा दोन-दोनच्या अंतरानं काढतात: १००२, १००४, १००६ अशा. आता तुम्ही म्हणाल, पुणं तर डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. तिथे हवेचा थर कमी, मग दाबही कमीच असणार. अगदी बरोबर! म्हणूनच प्रत्येक गावचा दाब 'हे गाव समुद्राच्या पातळीवर असतं तर किती भरला असता' असा हिशेब करून मगच नकाशावर लिहितात. नाहीतर पुण्यावर बाराही महिने वादळ आलंय असंच दिसेल.

नकाशात पेण आणि रोहा शोधायला जाल तर सापडणार नाहीत. भारताच्या नकाशावर फक्त वेधशाळा असलेली ठिकाणं असतात: मुंबई, अलिबाग, हर्णै, रत्नागिरी. म्हणून आपल्याला दोन टिंबांच्या मधलं वाचायला शिकलं पाहिजे. वही-पेन्सिल घ्या. कोकणचा किनारा काढा, वेडावाकडा चालेल. समजा जुलैतल्या एखाद्या सकाळी रत्नागिरीला दाब आहे १००६.६, हर्णैला १००५.६, अलिबागला १००४.५ आणि मुंबईला १००३.७. आता सांगा, १००४ ची रेषा कुठून जाईल? अलिबाग चारच्या वर आहे, मुंबई चारच्या खाली. म्हणजे रेषा या दोघांच्या मधून गेली पाहिजे. नेमकी मध्यावरून? नाही. अलिबागपासून चारपर्यंत उतरायला पाच दशांश लागतात, तिथून मुंबईपर्यंत तीनच दशांश. म्हणजे रेषा मुंबईच्या बाजूला थोडी जास्त सरकेल आणि पेणच्या जरा उत्तरेकडून निघून जाईल. रोहा तिच्या दक्षिणेला राहील. १००६ ची रेषा तुमची तुम्ही काढा. रत्नागिरी आणि हर्णै यांच्या मधून गेली तर जमलं म्हणायचं.

हे काम पूर्वी माणसं हातानं करायची. पुण्याला शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' नावाचा बसस्टॉप आहे. थंड हवेच्या सिमल्याचा पुण्याशी काय संबंध, असं मला लहानपणी वाटायचं. हवामान खातं स्थापन झालं १८७५ साली. त्याआधी १८६४ साली कलकत्त्यावर भयंकर चक्रीवादळ आलं होतं आणि १८६६ व १८७१ साली पावसानं दगा दिला होता. खात्याचं मुख्य कार्यालय आधी कलकत्त्याला होतं. १९०५ साली ते सिमल्याला गेलं आणि १९२८ साली पुण्यात आलं. पुण्यातल्या लोकांनी नाव ठेवलं 'सिमला ऑफिस'! १९४४ साली मुख्य कार्यालय दिल्लीला गेलं, तरी नाव काही सुटलं नाही. ठिकठिकाणच्या वेधशाळांमधून पाच-पाच आकड्यांच्या सांकेतिक गटांत तारा यायच्या आणि नकाशावर त्या आकड्यांची चिन्हं व्हायची.

आता ती चिन्हं बघू. वहीत एक रुपयाच्या नाण्याएवढं वर्तुळ काढा. खऱ्या नकाशावर ते मुगाच्या दाण्याएवढं असतं, पण आपण मोठं काढू. हे वर्तुळ म्हणजे एक वेधशाळा. समजा, अलिबाग. आभाळाचे आठ भाग कल्पा. एकही भाग ढगानं झाकलेला नसेल तर वर्तुळ कोरं. चार भाग झाकलेले असतील तर अर्धं काळं. आठही झाकलेले तर पूर्ण काळं. जुलैत कोकणातली वर्तुळं बहुतेक काळीच असतात, सांगायला नको.

वर्तुळातून एक काठी बाहेर निघते. वारा ज्या दिशेकडून येतो, त्या दिशेला ती काठी. इथे बरेच जण फसतात. काठी नैर्ऋत्येला असेल तर वारा नैर्ऋत्येकडे चाललेला नाही, नैर्ऋत्येकडून येतोय. काठीच्या टोकाला पिसं असतात, बाणाच्या शेपटीसारखी. अर्धं पीस म्हणजे ५ नॉट, पूर्ण पीस म्हणजे १० नॉट, आणि भरीव त्रिकोणी झेंडा दिसला तर ५० नॉट. एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर. तर एक पूर्ण आणि एक अर्धं पीस म्हणजे किती? १५ नॉट, म्हणजे ताशी २८ किलोमीटरच्या आसपास. छत्री उलटी होऊ शकते! झेंडा मात्र दिसला की छत्रीचा विचार सोडून द्यायचा आणि छपराचा करायचा.

वर्तुळाच्या उजव्या खांद्यावर तीन आकडे असतात, उदाहरणार्थ ०४५. हा दाब. जागा वाचवायला सुरुवातीचे आकडे आणि टिंब गाळलेलं असतं. पहिला आकडा लहान असेल तर पुढे दहा लावायचे: १००४.५. आणि ९८२ असं असेल तर पुढे नऊ: ९९८.२. डाव्या खांद्यावर तापमान. त्याच्या खाली, डाव्या बाजूलाच, दवबिंदूचं तापमान, म्हणजे हवा किती थंड केली की तिच्यातल्या वाफेचं दव होईल, तो आकडा. या दोन आकड्यांमधलं अंतर बघायची सवय लावून घ्या. वर २७ आणि खाली २५ असेल, तर हवा वाफेनं जवळजवळ भरलेली आहे. अशा दिवशी एक थेंब पाऊस पडला नाही तरी पापड वाळत नाहीत, आणि पेणच्या कारखान्यांतल्या मूर्तीही वाळत नाहीत. पेण, हमरापूर, जोहे, कळवे या भागात घरोघरी गणपती घडतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शाडूची मूर्ती आत ओली राहिली आणि वरून रंग चढवला तर पुढे तडा जातो. मूर्तिकार कुठलाही नकाशा न बघता, मूर्तीच्या पाठीवर बोट टेकवून तेच सांगतो, जे ते दोन आकडे सांगतात.

दोन्ही तापमानांच्या मधल्या जागेत एक छोटं चिन्ह असतं, आणि मला विचाराल तर सगळ्या नकाशातली खरी गंमत तिथे आहे. पूर्ण टिंब म्हणजे पाऊस. स्वल्पविराम म्हणजे बुरबुर. उलटा त्रिकोण म्हणजे सर, जी आली आणि गेली. तीन आडव्या रेघा म्हणजे धुकं. आडवा इंग्रजी आठ म्हणजे धुरकट हवा. चांदणी म्हणजे बर्फ. ती कोकणात शोधत बसू नका. आणि इंग्रजी 'आर'सारखं दिसणारं, एका पायाला बाण फुटलेलं चिन्ह म्हणजे विजांसह वादळ. मावशीच्या पापडांच्या दिवशी पेणला वेधशाळा असती, तर संध्याकाळच्या नकाशावर तिथे हेच चिन्ह उमटलं असतं.

परदेशी पुस्तकांतल्या नकाशांवर निळे त्रिकोण आणि लाल अर्धगोल लावलेल्या जाड रेषा दिसतात. त्या थंड आणि उबदार हवेच्या आघाड्या. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वेतल्या शास्त्रज्ञांनी ती कल्पना मांडली, आणि 'आघाडी' हा शब्दही रणांगणावरूनच घेतला. आपल्याकडच्या पावसाळ्याचं काम त्यांच्यावाचून चालतं, तेव्हा त्या पाठ करू नका.

आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. पावसाळ्यात नकाशावर दक्षिण गुजरातपासून केरळच्या दिशेनं, किनाऱ्याला समांतर अशी एक तुटक रेषा कधी कधी दिसते. समदाब रेषा तिथे कोपर वाकवल्यासारख्या वाकलेल्या असतात. हा किनाऱ्यालगतचा कमी दाबाचा पट्टा. तो ठळक झाला आणि रेषा एकमेकींच्या जवळ आल्या, की समुजावं, समुद्रावरचा वारा जोरात आत येणार. रेषा जितक्या दाट, तितका वारा जोराचा. हा वारा पेण आणि रोहा ओलांडून जातो आणि समोर उभा असतो सह्याद्री. वर चढण्यावाचून त्याला वाट नाही. वर गेला की थंड होतो, आणि सगळं बाष्प इथेच ओतून टाकतो.

ते पाणी येतं कुठे? पेणच्या भोगावतीत, नागोठण्याच्या अंबा नदीत आणि रोह्याच्या कुंडलिकेत. २४ जुलै १९८९ या दिवशी अंबा नदीला आलेला पूर तुमच्या आजी-आजोबांना विचारा. जांभूळपाडा आणि नागोठणे या गावांत पाण्यानं माणसं नेली. सकाळच्या नकाशावर जी गोष्ट पेन्सिलीच्या वळणाएवढी असते, ती रात्री दाराशी येऊ शकते.

पावसाचे आकडे वाचतानाही एक खाचखळगा आहे. हवामान खात्याच्या पत्रकात पाऊस पुष्कळदा सेंटिमीटरमध्ये असतो आणि वर्तमानपत्रात मिलिमीटरमध्ये. 'रोहा १२' असं वाचून "हॅ, बारा मिलिमीटर!" म्हणू नका, ते १२० मिलिमीटर असू शकतात. दिवसाला ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की जोरदार पाऊस, ११५.६ पासून अतिजोरदार, आणि २०४.५ च्या पुढे अत्यंत जोरदार. एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटर फरशीवर एक लिटर पाणी. मावशीच्या खाटेवर त्या दुपारी किती बादल्या पडल्या, त्याचा हिशेब मी नंतर केला होता. तिला दाखवला नाही. आणि हा दिवस मोजतात सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा. त्यामुळे मंगळवारी दुपारी तुम्ही भिजलात, तर तो पाऊस बुधवारच्या आकड्यात येतो.

एका ठिकाणचा आकडा म्हणजे सगळा मुलूख, असंही समजू नका. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी, त्याच मुंबईत, वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला शंभर मिलिमीटरसुद्धा झाला नाही!

आता सगळ्यांत धाकधूक लावणारं चिन्ह. भरीव वर्तुळ आणि त्याला दोन बाजूंनी वळलेल्या दोन शेपट्या, फिरत्या भिंगरीसारखं. हे चक्रीवादळ. आधी समुद्रात साधा कमी दाब तयार होतो. वारा ताशी ३१ किलोमीटरला पोचला की त्याला अवदाब म्हणतात, ५० ला तीव्र अवदाब, आणि ६२ ओलांडले की चक्रीवादळ. तेव्हा कुठे त्याला नाव मिळतं. १ जून २०२० ला अरबी समुद्रात अवदाब होता. २ तारखेला तो चक्रीवादळ झाला आणि बांगलादेशानं सुचवलेलं 'निसर्ग' हे नाव त्याला मिळालं. ३ तारखेला, बुधवारी, दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ते अलिबागच्या दक्षिणेकडे किनाऱ्यावर चढलं. वारा होता ताशी ११० ते १२० किलोमीटर. आपल्या काठीवर काढायचा तर एक झेंडा आणि वर एक पीस!

वादळाच्या नकाशावर पुढच्या वाटेची टिंबं असतात आणि त्यांच्याभोवती पसरत जाणारा एक पंखा. हा पंखा म्हणजे वादळाचा आकार, असं पुष्कळ मोठ्या माणसांनाही वाटतं. तसं नाही. वादळाचा मध्य या पंख्यात कुठेही असू शकेल, एवढंच तो सांगतो. जितकं पुढचं सांगायचं तितकी खात्री कमी, म्हणून पंखा रुंद होत जातो. पंख्याच्या बाहेरच्या गावालाही वारा-पाऊस झोडपू शकतो.

एक गोष्ट मात्र या नकाशावर नसते: भरती-ओहोटी. पेणच्या खारेपाटातली माणसं नकाशाबरोबर कॅलेंडरही बघतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, अष्टमीच्या सुमारास भांगाची. निसर्ग आलं तेव्हा वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती. उधाणात वादळाचा फुगवटा मिसळला की खारबंदिस्तीचे बांध फुटतात, शेतात खारं पाणी शिरतं आणि पुढे भात नीट येत नाही.

त्या दिवशी रायगडात घरांवरची कौलं-पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब वाकले. गणपतीच्या कारखान्यांचे पत्रे उडून मूर्ती भिजल्या, आणि चतुर्थी ऑगस्टमध्ये होती. मोबाईल बंद, वीज कित्येक दिवस नाही. बंदरावर धोक्याचा बावटा लावतात ना, कोळी बांधव "तीन नंबर लागला" म्हणतात तो, त्या बावट्यांचे एकूण अकरा नंबर आहेत. दहा नंबरपर्यंत धोका वाढत जातो. अकरावा काय सांगतो माहीत आहे? हवामान खात्याशी संपर्क तुटला आहे!

संपर्क तुटला, नकाशाही नाही, तर? त्याचीही एक युक्ती आहे. बाईज बॅलट नावाच्या हॉलंडच्या शास्त्रज्ञानं १८५७ साली एक नियम सांगितला. आपल्या उत्तर गोलार्धात वारा कमी दाबाभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. म्हणून वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की कमी दाब आपल्या डाव्या हाताला असतो. समजा तुम्ही पेणला उभे आहात, महिना जूनचा, आणि एरवी समुद्राकडून येणारा वारा आज आग्नेयेकडून येतोय. पाठ आग्नेयेला करा. तोंड झालं वायव्येला. डावा हात पसरा. तो दाखवतो नैर्ऋत्येकडे, समुद्रात. वादळ तिथे आहे. वारा एकाएकी थांबला तरी अंगणात धावू नका. वादळाचा डोळा डोक्यावर आला असेल तर थोड्या वेळात वारा उलट्या बाजूनं सुरू होतो.

वादळाच्या दिवशी ही परीक्षा घरातूनच, खिडकीबाहेरचा माड कुठे वाकतोय ते पाहून करायची. पण साध्या दिवशी सुरुवात करायला हरकत नाही. उद्या सकाळी साडेआठला, वेधशाळेतला माणूस नोंद घेत असेल तेव्हा, तुम्हीही अंगणात किंवा गच्चीवर या. आभाळाचे आठ भाग करून ढग मोजा. वाऱ्याकडे पाठ करा, डावा हात पसरा. वहीत वर्तुळ काढा, काठी काढा, पिसं लावा. मग त्या दिवसाचा नकाशा मिळवून ताडून बघा. आणि आई गच्चीवर पापडांचा डबा घेऊन आली आणि तिनं विचारलं, "काय रे, घालू का वाळत?" तर उत्तर देण्याआधी आभाळाकडे आणखी एकदा बघा.